फुसक्या बारांची तोफ

तोफ बागेतून उचलून नेली, त्या दिवसापासून बाबांनी मुलीशी अबोला धरला.

अबोला म्हणजे अगदी तोंडाला कुलूप नव्हतं. ‘मीठ दे’, ‘दार लोटून घे’, ‘तुझा फोन वाजतोय’ एवढं चालू होतं. पण ती कामावरून परतली की चपला काढायच्या आत बाबांची जी प्रश्नांची सरबत्ती सुरू व्हायची, आज काय आलं, कुठून आलं, किती खराब झालंय, ती थांबली. त्या सरबत्तीला ती वर्षानुवर्षं वैतागत आली होती. आता ती नाही तर घरी आल्यासारखंच वाटेना.

ती लष्करी संग्रहालयाच्या कार्यशाळेची प्रमुख होती. शिरस्त्राणं, तलवारी, नांगर, विमानांचे पंखे, लोखंडाचं आणि पितळेचं जे काही संग्रहालयात यायचं ते आधी तिच्या हाताखालून जायचं. कार्यशाळेतले लोक तिला पाठीमागे गंजबाई म्हणत. हे तिला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. नवरा गेल्यानंतर ती बाबांकडे राहायला आली होती. बाबांच्या मते मात्र तेच तिच्याकडे राहत होते, आणि म्हणून स्वयंपाकघरात पाऊल टाकायची त्यांना गरज नव्हती.

तोफ होती एका लहानशा युद्धनौकेची. नौकेच्या पुढच्या डेकवर ती बसवलेली असायची. पुढे नौका मोडीत निघाली, तेव्हा नगरपालिकेनं तोफ तेवढी मागून घेतली आणि समुद्राकाठच्या बागेत सिमेंटच्या चौथऱ्यावर आणून ठेवली. बाबा त्या नौकेवर याच तोफेचे नेमबाज होते. डाव्या अंगाच्या लोखंडी आसनावर बसायचं, चाक फिरवून नळी वर-खाली करायची, दुर्बिणीतून नेम धरायचा आणि हुकूम आला की घोडा ओढायचा. नोकरी संपल्यावर त्यांनी घर घेतलं तेही बागेपासून हाकेच्या अंतरावर. आई होती तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “हे घर माझ्यासाठी नाही घेतलं हो. तिच्यासाठी घेतलंय. खिडकीतून दिसते ना, ती माझी सवत.”

मुलगी त्या सवतीच्या अंगाखांद्यावरच वाढली. गावातली सगळीच मुलं वाढली. नळीवरून घसरून घसरून ती वरच्या बाजूनं आरशासारखी गुळगुळीत झाली होती. नगरपालिकेला जेव्हा आठवण व्हायची तेव्हा तोफेला रंग मिळायचा, आणि तोही बाकांना लावून जो उरेल तो. त्यामुळे ती एक वर्ष पोपटासारखी हिरवी असे, तर दुसऱ्या वर्षी दवाखान्याच्या भिंतीसारखी फिकट निळी. तोफेशेजारच्या बाकावर बाबांचा कट्टा भरायचा. एक निवृत्त पोस्टमन, एक शिंपी आणि एक शाळामास्तर. चौघं मिळून जगाचा कारभार चालवायचे आणि अंधार पडायच्या आत घरी जायचे.

पण खारा वारा कुणाला सोडतो? चौथऱ्याजवळ तोफेचा पाय आतून भुसभुशीत झाला. एका मुलीचा तळहात फाटक्या पत्र्यानं कापला गेला. मग नगरपालिकेचा इंजिनीअर आला, त्यानं तोफेला बोटानं टोचून पाहिलं आणि बोट आत गेल्यावर म्हणाला, “भंगारात काढा.” हे कानावर आलं तशी गंजबाई धावली. संचालकांना गळ घातली, क्रेन मिळवली, आणि भंगारवाल्याच्या तोंडचा घास काढून तोफ संग्रहालयात आणली. आता बाबा पाठ थोपटतील अशी तिची समजूत होती.

बाबा म्हणाले, “कुणाला विचारून नेलीस?”

“बाबा, ती सडत होती.”

“आम्हीही सडतोय. चल, आम्हालाही ने. काचेच्या पेटीत बसव. बाहेर पाटी लाव, हात लावू नये.”

“भंगारात गेली असती तर बरं वाटलं असतं?”

“भंगारात गेली असती तर रडून मोकळा झालो असतो,” बाबा म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडून त्याच्या मागे गेले. त्यानंतर अबोला.

कट्टा मात्र चालू राहिला. चौघं म्हातारे रिकाम्या चौथऱ्याशेजारी बसत. घरी जाताना ती बाजूच्या रस्त्यानं जाई, म्हणजे त्यांच्या समोरून जायला नको.

कार्यशाळा म्हणजे पूर्वीचं बोटींच्या दुरुस्तीचं उंच छपराचं शेड होतं. वर काचेची तावदानं, खाली तेलानं काळी पडलेली फरशी, आणि भिंतीला टांगलेले पाने, हातोड्या, ब्रश. मधोमध लाकडी ओंडक्यांवर तोफ ठेवली होती. तिच्यावरचा रंग काढायला रंगाऱ्याला बराच वेळ लागला. साठीला टेकलेला हा माणूस संग्रहालयातला सगळ्यात जुना. हात चालेल तेवढंच तोंडही चालवायचा. हिरवा निघाला की म्हणायचा, “हा माझ्या मुलाच्या वेळचा.” निळा निघाला की, “हा माझ्या लग्नाच्या वर्षीचा. तेव्हा याच रंगाच्या नळीवर माझी नवी पँट खराब झाली, बायको अजून तो विषय काढते.” सगळ्यात खाली नौकेचा मूळ करडा रंग लागला, तेव्हा मात्र एकही किस्सा न सांगता तो तिला बोलवायला आला.

तोफेचं मागचं दार, जिथून काडतूस भरतात ते, बागेत ठेवण्याआधी वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं होतं. लष्कराच्या एका तंत्रज्ञानं येऊन आत काही स्फोटक नाही याची खात्री करून दिली, मग वेल्डरनं ते टाके एकेक करून सोडवले. दार करकरत उघडलं, तशी आतून जुन्या ग्रीसची वास मारणारी वाफ आल्यासारखी वाटली. ग्रीस अजून ओलसर होतं. त्यानं आतला भाग जसाच्या तसा जपला होता.

गंजबाईनं नळीत दिवा सोडून पाहिलं आणि ती बुचकळ्यात पडली. गोळ्याला फिरकी मिळावी म्हणून नळीच्या आत पीळदार चर कोरलेले असतात. गोळे जात राहिले की ते झिजतात. इथे तर ते काल कोरल्यासारखे होते. म्हणजे तोफेनं आयुष्यात फारसे गोळे टाकलेलेच नव्हते. पण मागच्या दाराची यंत्रणा बघावी तर पार खिळखिळी, भरभरून वापरलेली. घर नवं आणि उंबरठा झिजलेला, असला प्रकार.

आणि फायरिंग पिन. काडतुसाच्या बुडावर आपटून बार उडवते ती बोटाएवढी पोलादी पिन. ती कारखान्यातली नव्हतीच. कानशीनं घासून, हातानं केलेली होती. घासल्याच्या तिरक्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. एका बाजूला तर कसल्यातरी कोरीव अक्षराचा अर्धा तुकडा शिल्लक होता.

संचालक दुपारी फेरी मारायला आले. स्वतः कधीकाळी वर्दीत होते, चालणं अजून तसंच ताठ. तिनं पिन दाखवली.

“ही बदलून टाकू,” ते म्हणाले. “मूळ मापाची नवी करून घ्या. बाकी तोफ झकास दिसतेय. बाई, मला फलकासाठी मजकूर हवाय. हिनं कुठल्या लढाईत काय केलं ते.”

“तेच तर कळत नाही, सर. नळी सांगतेय की हिनं काहीच केलं नाही. आणि मागचं दार सांगतंय की हिनं फार काम केलं.”

“मग तुमच्या वडिलांना विचारा की. तेच नेमबाज होते ना?”

“वडील सध्या माझ्याशी फक्त मिठापुरतं बोलतात.”

संचालक हसले. पण जाताना म्हणाले, “विश्वस्तांना लढाई लागते हो. लोक तोफ बघायला येतात ते काय उगाच? काहीतरी शोधा.”

त्या संध्याकाळी तिनं पिन मऊ फडक्यात गुंडाळून घरी नेली. जेवायला बसताना ती बाबांच्या ताटाशेजारी ठेवली आणि वाढायला लागली. बाबांनी आधी लक्ष नसल्याचं नाटक केलं. भाजी संपवली. पाणी प्यायले. मग फडकं उलगडलं.

त्यांनी पिन उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती डोळ्यांजवळ नेण्याऐवजी अंगठ्यानं चाचपली. अर्ध्या अक्षराच्या जागी अंगठा थांबला.

“डॉक्टरची आहे ही,” ते म्हणाले.

“कोण डॉक्टर?”

“ही बदलायची नाही. सांग तुझ्या साहेबाला.” एवढंच बोलून त्यांनी पिन पुन्हा फडक्यात गुंडाळली, पण परत दिली नाही. खिशात टाकली.

सकाळी ती निघाली तर बाबा दारात तयार. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, केसांना तेल. लग्नाला निघालेल्या माणसासारखे दिसत होते.

“कुठे निघालात?”

“तूच म्हणत होतीस ना, दवाखान्यात आहे म्हणून. भेटायला नको का जायला?”

दवाखाना हा शब्द तिचा नव्हता, पण तिनं रिक्षाला हात केला. रिक्षात बाबा डाव्या बाजूला बसले. त्यांचा डावा कान कामाचा नव्हता, आणि ती उजवीकडे बसावी अशी त्यांची सवय होती. म्हणजे आज ते ऐकायला तयार होते.

शेडच्या दारात आल्यावर मात्र त्यांचे पाय अडखळले. तोफ सुटी केलेली. नळी एका ओंडक्यावर, चाकं दुसरीकडे, आसनं भिंतीला टेकवलेली, आणि दातेरी चक्रं रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवलेली. बाबांनी सगळे भाग एकेक करून नजरेखालून घातले. वेल्डरनं स्टूल पुढे केलं. बसले नाहीत. आसनापाशी गेले आणि त्याच्या कडेवरून हात फिरवला.

“इथे मी,” ते म्हणाले. “समोर, त्या अंगाला, दुसऱ्या चाकावर पोपट. तोफ डावी-उजवी तो फिरवायचा. अखंड बडबड. मागे काडतूस भरायला उंट. एवढा उंच की नौकेवर प्रत्येक दारात त्याचं कपाळ फुटलेलं. आणि डॉक्टर आमचा फिटर. यंत्राला नाडी असते म्हणायचा.”

रंगाऱ्यानं ब्रश खाली ठेवला. वेल्डरनं गॅस बंद केला. संचालक नेमके तेव्हाच आले होते, तेही दाराशी थांबले.

“बाबा,” तिनं उजव्या कानाशी जाऊन विचारलं, “हिनं गोळे कधी टाकले?”

“सरावाला. थोडे.”

“आणि लढाईत?”

“लढाई झाली तेव्हा आमची नौका दुरुस्तीला गोदीत लावलेली होती. इंजिन उघडून ठेवलेलं. बाकीचे गेले, लढले, काही परत आले नाहीत. आम्ही गोदीत बसून बटाटे सोलले.” ते स्टुलावर टेकले. “शत्रूवर हिनं एकही गोळा टाकलेला नाही. हेच पाहिजे होतं ना तुम्हाला?”

संचालकांकडे कुणी पाहिलं नाही.

“मग मागची यंत्रणा एवढी झिजली कशानं?” ती म्हणाली.

बाबांनी खिशातून पिन काढली.

“धुक्यानं,” ते म्हणाले.

आणि मग ते सांगायला लागले. लढाई होऊन वर्ष उलटलं होतं. नौका बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून होती. मासेमारीच्या बोटी पहाटेच बाहेर गेल्या होत्या, आणि नंतर धुकं उतरलं. असं की डेकवर उभं राहून स्वतःचा बूट दिसू नये. बंदराच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी खडक. दीपस्तंभाचा दिवा दहा हातांवर विरघळून जायचा. धुक्यात वाजवायचा भोंगा आदल्या आठवड्यातच बिघडलेला.

“आमचा कप्तान डोक्यानं तेज. म्हणाला, दिसत नसेल तर ऐकू जाईल. तोफ बाहेरच्या बाजूला वळवा आणि बार काढा. गोळा नाही बरं का, नुसत्या दारूची काडतुसं. सलामीला वापरतात ती. थोडं थांबायचं, एक बार. थोडं थांबायचं, एक बार. बोटींनी आवाजाच्या रोखानं यायचं. मी नेमबाज, पण नेम कशावर धरणार? पांढऱ्या भिंतीवर? दुर्बिणीला डोळा लावून बसलो होतो आपला सवयीनं. पोपट म्हणाला, अरे, डोळा काढ, तिथे काय सिनेमा चाललाय?”

वेल्डर हसला. बाबाही हसले.

“दिसायचं काहीच नाही. आधी इंजिनाचा आवाज यायचा, टुक टुक, टुक टुक. मग कुणीतरी ओरडायचं. मग तो आवाज आमच्या बाजूनं आत बंदरात जायचा. एवढंच. चेहरा एकाचाही बघितला नाही. आणि दुपारच्या सुमाराला पिन मोडली. इतके बार सलग काढायला बनवलेलीच नव्हती ती. राखीव पिन गोदामात, गोदाम किनाऱ्यावर, आणि किनारा कुठे आहे कुणाला ठाऊक! डॉक्टर म्हणाला, मला एक पाना द्या. आपलाच चांगला पाना त्यानं तोडला, दांडा शिकंज्यात धरला आणि कानस चालवायला बसला. हे बघा, पान्यावरचं अक्षर अजून आहे. तोवर आम्ही काय केलं असेल? घंटा बडवली. आचाऱ्यानं पातेली आणली, झाकणं आणली. सगळी नौका डेकवर उभी राहून पातेली बडवतेय. पण तोफेची सर पातेल्याला कुठली?”

“मध्येच बंद झाली होती,” रंगारी म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो अजून तोफेच्या नळीशी उभा होता.

“मी तेव्हा एवढासा होतो,” तो म्हणाला. “आई धक्क्यावर घेऊन गेली होती. सगळ्या बायका तिथे येऊन उभ्या. एरवी चार जणी जमल्या तर गलका असतो, त्या दिवशी कुणी बोलत नव्हतं. बार झाला की आई माझा हात दाबायची. मग एकदा बारच होईना. वाट बघतोय, वाट बघतोय, आणि होईना. तेव्हा तिनं असा हात दाबला की मी रडायला लागलो. मला वाटायचं ती कुठलीतरी मोठी तोफ असणार. किल्ल्यावरची वगैरे.” त्यानं नळीकडे पाहिलं. “आणि मी आयुष्यभर हिच्यावरून घसरलो.”

“तुझा बाप होता बाहेर?” बाबांनी विचारलं.

“बाप आणि काका.”

“आले?”

“आले. धक्क्याला बोट लागली, बापानं उडी मारली आणि आधी मलाच कानफटात दिली. शाळा बुडवून इथे काय करतोस म्हणून.”

शेडमध्ये हशा पिकला. बाबा इतके हसले की डोळे पुसावे लागले, आणि मग पुसतच राहिले. ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

“हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही,” ती म्हणाली.

“काय सांगू? दुसऱ्या दिवशी गोदीत उतरलो तर बाकीच्या नौकांवरची पोरं रांगेनं उभी. लढून आलेली, छातीवर पदकं. आम्हाला बघून एक जण ओरडला, ‘आले रे आले, फुसके बार आले!’ ते नावच पडलं. आमच्या नौकेलाही आणि आम्हालाही. उंटाला राग यायचा, दोनदा मारामारी केली त्यानं. मला राग नाही यायचा, पण घरी येऊन काय मुलीला सांगू, की तुझा बाप फुसका बार म्हणून?” त्यांनी पिन मुठीत धरली. “उंट गेला. पोपट गेला. डॉक्टर सगळ्यांत आधी. बाकावर बसायचो ना मी, तर हिच्याकडे नव्हतो गं बघत. हिच्या मागे उंट उभा असायचा, ती जागा बघायचो. आता नुसता चौथरा आहे, तर तो कुठे उभा करू तेच समजत नाही.”

तिनं ट्रेमधलं एक चक्र उचललं, फडक्यानं पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. “हे कुठलं, पोपटाच्या बाजूचं की तुमच्या?”

“माझ्या,” बाबा म्हणाले. “आणि तुझ्या माणसानं ते उलटं ठेवलंय.”

“उलटं नाही,” वेल्डर म्हणाला. मग दोघांची त्यावरून जुंपली. चक्र सरळच होतं हे शेवटी बाबांना मान्य करावं लागलं.

त्यानंतर बाबा रोज यायला लागले. कामाला नव्हे, देखरेखीला, असं ते स्वतःच म्हणायचे. तोफ जुळत गेली तशी त्यांची जीभही सुटत गेली. पुढे पोस्टमन, शिंपी आणि मास्तरही यायला लागले, कारण कट्ट्याला चौथा भिडू नव्हता. संचालकांनी एकदा विचारलं, “बाई, हे कोण लोक?” ती म्हणाली, “सल्लागार.” ते मान हलवून पुढे गेले.

पण फलकाचा प्रश्न होताच. विश्वस्तांची बैठक झाली. एकानं म्हटलं की न लढलेली तोफ दर्शनी भागात कशाला, आत कुठेतरी ठेवू. संचालक बैठकीतून परतले ते सरळ कार्यशाळेत आले आणि बाबांच्या समोर उभे राहिले.

“आजोबा, एक विचारू? त्या दिवसाचं मी फलकावर लिहिणार आहे. विश्वस्त हो म्हणाले, थोडी घासाघीस झाली. पण तुमचं ते टोपणनाव... ते लिहिलं तर चालेल का? नाही म्हणालात तर नाही लिहिणार.”

बाबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

“उंट असता तर तुम्हाला मारलं असतं त्यानं,” ते म्हणाले. “लिहा. पण एका अटीवर. दोरी लावायची नाही. पोरं हिच्यावर बसली पाहिजेत.”

“आजोबा, ती ऐतिहासिक वस्तू...”

“मग मला विचारू नका.”

इथे गंजबाई मध्ये पडली. बापाचं ऐकावं तर तोफ पुन्हा खराब होणार, संग्रहालयाचं ऐकावं तर बाप. शेवटी तिनंच मार्ग काढला. तोफ संग्रहालयाच्या अंगणात ठेवायची, पण वर छप्पर घालायचं. नळी उंच धरून पक्की करायची, म्हणजे घसरणं बंद. दोन्ही आसनं आणि दोन्ही चाकं मात्र मुलांना मोकळी; ती झिजली तर झिजली, तिची कार्यशाळा कशासाठी आहे? पोपटाचं चाक फिरवलं की तोफ थोडी डावी-उजवी हलेल एवढी मोकळीक तिनं ठेवली. डॉक्टरची पिन तिनं होती तिथे परत बसवली.

“आणि घसरायचं नाही?” बाबा कुरकुरले.

“नाही. एका मुलीचा हात कापलाय तिथे.”

“बरं,” बाबा म्हणाले. मुलीचं त्यांनी एवढ्या चटकन ऐकल्याचं हे पहिलंच उदाहरण, असं पोस्टमन पुढे सगळ्यांना सांगत होता.

उद्घाटनाच्या दिवशी गर्दी झाली, आणि ती संग्रहालयाची नेहमीची गर्दी नव्हती. रंगाऱ्यानं त्याच्या जुन्या वस्तीत घरोघरी सांगितलं होतं. कोळ्यांची म्हातारी माणसं, त्यांच्या सुना, नातवंडं, सगळे अंगणात. भाषणं झाली. बाबांनी भाषण करायला साफ नकार दिला आणि करड्या, नव्या रंगाच्या तोफेच्या डाव्या आसनाशेजारी खुर्ची टाकून बसले. आसनावर चढायला गुडघे तयार नव्हते.

गर्दीतून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. बाबांपेक्षाही वयानं मोठा, तोंडात दोनच दात. त्यानं आधी तोफ पाहिली, मग बाबांना पाहिलं.

“तू वाजवत होतास?” तो मोठ्यांदा म्हणाला.

“काय?”

“मी म्हटलं, तूच का तो वाजवणारा?”

“मीच. तुम्ही कोण?”

“मी बाहेर होतो त्या दिवशी! माझी बोट!” म्हातारा ओरडला, कारण त्यालाही कमीच ऐकू येत होतं. “तुमच्या अंगाला घासून गेलो! बार असा कानाखाली काढलास की आठ दिवस कान वाजत होते माझे!”

“माझा तर अजून वाजतोय!” बाबाही ओरडले. मग पुढे वाकून म्हणाले, “तुम्ही लोक जाताना काहीतरी ओरडायचात. सगळे ओरडायचे. आम्हाला वाटायचं शिव्या देताय.”

“शिव्या कशाला देऊ?” म्हातारा चिडलाच. “सांगत होतो तुम्हाला! मागे अजून आहेत म्हणून! थांबू नका, मागे अजून आहेत!”

बाबांना ते लगेच समजलं नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती खाली वाकली आणि त्यांच्या उजव्या कानात तेच, हळू, पुन्हा सांगितलं.

बाबांनी म्हाताऱ्याचा हात धरला आणि आपल्या शेजारी बसवून घेतलं. शेजारी खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मास्तर बसलेले, म्हणून त्यांना उठावं लागलं. एक लहान मुलगी पोपटाचं चाक फिरवत होती आणि नळी डुलत होती, त्याकडे दोघं बघत राहिले. नंतर त्यांचं बोलणं गुडघ्यांवर गेलं, मग डोळ्यांच्या ऑपरेशनवर, मग धाकट्या सुनेवर. गर्दी पांगली तरी दोघांचा आरडाओरडा चालू होता.

जाताना म्हातारा म्हणाला, “रविवारी ये. नातवाची बोट आहे. फेरी मारून आणतो.”

मुलीनं नको म्हणून पाहिलं. वय काय, समुद्र काय. बाबा म्हणाले, “नौदलात होतो मी, तुला आठवण आहे ना?”

रविवारी रंगारी त्यांना घेऊन गेला. बंदराच्या तोंडापर्यंत बाबा पुढच्या टोकाला ऐटीत उभे होते. खडक ओलांडले, बोट पहिल्या लाटेवर चढली आणि नौदलाचा नेमबाज कठड्यावरून ओकला. रंगाऱ्यानं हे संध्याकाळी घरी येऊन अभिनयासकट करून दाखवलं. बाबा आरामखुर्चीत बसले होते, नाक उन्हानं लालभडक, पायात अजून ओले बूट.

“पोट बिघडलं होतं,” ते म्हणाले. “सकाळचा चहा हिनं कडू केला होता.”

“चहा तुम्हीच केला होता, बाबा. मी झोपले होते.”

“मग तरीच,” बाबा म्हणाले, आणि पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं ते रंगाऱ्याला विचारायला लागले.